दप्तरात पुड्या सापडल्या, आता शाळेने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातली आठवी ते दहावीची शाळा. नववीच्या तिघांच्या दप्तरात माव्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्या सापडल्या. स्नेहसंमेलनाच्या रात्री दहावीचा एक मुलगा बिअर पिऊन मैदानामागे पडलेला मिळाला. संस्थाचालक म्हणतात, चौघांनाही दाखले द्या. मुख्याध्यापक सर विचारतात, बाकीची मुलं या वाटेला जाऊ नयेत म्हणून काय करावं, आणि २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, व्याख्यानाला याल का?

सर, आधी दाखल्याचं बोलते, कारण ते उद्या-परवाच ठरणार. दाखला देऊ नका. व्यसनमुक्तीच्या कामात माझी तेवीस वर्षं गेली. केंद्रात आलेल्या तरुण पोरांच्या केसपेपरवर शिक्षणाच्या रकान्यात ‘नववी, शाळा सोडली’ हे इतक्यांदा लिहिलंय की आता हात न विचारता लिहितो. शाळेतून काढलेला मुलगा पुडी सोडत नाही, शाळा सोडतो. मग जिथे पुडी मिळते तिथेच दिवसभर बसतो. अकरा ते पाच एवढाच वेळ त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष होतं, तोही आपण काढून घेतो. शिवाय उरलेल्या वर्गाला एकच धडा मिळतो: सापडायचं नाही. पुढच्या वेळी पुडी दप्तरात नसेल, मोज्यात असेल.

शिक्षा अजिबात नको असं म्हणत नाही. पण ती मुलाला शाळेच्या जवळ आणणारी हवी. महिनाभर शाळा सुटल्यावर तासभर पीटीच्या सरांबरोबर थांबायचं, मैदान आखायचं, साहित्य काढायचं-ठेवायचं, धाकट्या वर्गाची खो-खोची तयारी करून घ्यायची. पोरांना ती शिक्षा वाटते आणि आपलं काम होतं.

आता २६ जून. अशी व्याख्यानं मी आठ वर्षं दिली. कर्करोगाने सडलेल्या जबड्यांच्या स्लाइड्स दाखवल्या, पावडर कशी दिसते, गोळ्या कशा दिसतात ते दाखवलं. एकदा कार्यक्रम संपल्यावर आठवीचा एक चुणचुणीत पोरगा जवळ आला आणि फार गंभीरपणे म्हणाला, “मॅडम, ती पांढरी गोळी आपल्याकडे कुठे मिळते?” त्या दिवसापासून स्लाइड्स बंद केल्या. अमेरिकेने हाच धडा फार मोठ्या खर्चाने घेतला. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम निघाला. गणवेशातले पोलीस वर्गात यायचे, अमली पदार्थांची माहिती द्यायचे, ‘नाही म्हणा’ शिकवायचे. तो देशभर पसरला. शिक्षक खूश, पालक खूश. पण संशोधकांनी ती मुलं मोठी झाल्यावर तपासली तेव्हा, कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या नशापाण्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. शेवटी २००९च्या सुमारास त्यांनी जुना अभ्यासक्रम सोडून दुसरा घेतला.

कारण साधं आहे. तंबाखू वाईट असते हे ठाऊक नाही म्हणून कुणी मावा खात नाही. पुडीवर फोटो छापलेला असतो, पोरं तो बोटाखाली दाबूनच पुडी फाडतात. पहिली पुडी येते ती संगतीने, रिकाम्या वेळाने आणि घरात रोज दिसतं त्याने. या तीन गोष्टींना हात लावायचा असेल तर प्रभातफेरी, निबंधस्पर्धा आणि शपथ यांचा उपयोग फोटो काढण्यापुरताच. (तंबाखूविरोधी दिन ३१ मे. त्या दिवशी आपल्याकडे शाळांना सुट्टी असते. तरी अहवालात प्रभातफेरी निघालेली असते, हे मी पाहिलंय.)

तुमच्या गावात काय चालतं त्याचा आधी नीट विचार करा. पेपरात एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) गाजतं आणि मुंबई-पुण्यात ते आहेच, पण तुमच्या नववीच्या मुलाची पहिली पायरी ती नसते. ती असते मावा. विदर्भात त्यालाच खर्रा म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, म्हणून पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी मिळते. पोरं तोंडात एकत्र करतात. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची जी देशव्यापी पाहणी २०१९मध्ये झाली, तिच्यात तंबाखू घेणारी ८.५ टक्के निघाली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सुरुवातीच्या वयाचा आकडा. चघळायच्या तंबाखूची सुरुवात साधारण दहाव्या वर्षाच्या आतबाहेर, विडीची साडेदहाच्या आसपास. म्हणजे आठवीत आपण बोलायला लागतो तेव्हा काहींची तीन-चार वर्षं होऊन गेलेली असतात. खरं काम पाचवीत, म्हणजे तुमच्या शाळेत येण्याआधीच्या शाळेत सुरू व्हायला हवं. तिथल्या गुरुजींशी तुमची ओळख असेलच.

नुसती सुपारी निरुपद्रवी, हा समज तर आयांमध्येही आहे. तसं नाही. सुपारीनेही कर्करोग होतो, आणि त्याआधी गालाच्या आतली कातडी ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं. मुलाला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट घास झोंबतो म्हणत असेल, तर त्याला दंतवैद्याकडे पाठवा. वर्गात ही तपासणी हसतखेळत घेता येते. स्लाइडने जे होत नाही ते इथे होतं, कारण तोंड स्वतःचं असतं.

आणि मुली. दप्तर तपासलं की मुलांचंच तपासतात. मिश्री कुणी विचारत नाही. दात दुखला की आजी चिमूटभर भाजलेली तंबाखू हिरडीला लावायला देते, दोन दिवसांनी दात थांबतो, मिश्री थांबत नाही. सकाळी ती घासल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड होतं असं नववीतली मुलगी सांगते तेव्हा ती तलफ सांगत असते. तिला तो शब्द ठाऊक नसतो इतकंच. ती ‘व्यसनी’ या शब्दाने चिडेल. “दात दाखवलास का?” इथून सुरुवात करा.

घराचं बोलायचं तर माझा पालकांना पहिला प्रश्न असा असतो: तुमची पुडी आणायला दुकानात कोण जातं? सभा एकदम शांत होते. आजोबांची तंबाखू, काकांची सिगरेट, पाहुणे आले की बाटली, सगळं आणायला पोरगंच जातं. उरलेल्या सुट्ट्या पैशांत त्याला चॉकलेट मिळतं, दुकानदाराशी ओळख होते आणि त्या ओळखीवर पुढची पुडी उधारीवर येते. वडिलांना व्यसन सोडा म्हटलं तर ते पुढच्या सभेला येत नाहीत. पण “पोराला आणायला पाठवू नका” एवढं बहुतेक जण ऐकतात. त्यात त्यांचा स्वाभिमान दुखावत नाही. मला विचाराल तर सगळ्या पालकसभेतून एवढी एकच गोष्ट पदरात पडली तरी पुष्कळ. शिक्षकांचंही तेच. स्टाफरूममध्ये ज्यांच्या खिशात डबी आहे त्यांची नावं मुलांना तोंडपाठ असतात. त्यांना सर्वांसमोर बोलू नका, पण शाळेच्या फाटकाच्या आत तंबाखूचा बार भरायचा नाही हे तुम्ही मुख्याध्यापक म्हणून सांगू शकता.

पालकसभेला बायकाच येतात ही तक्रार तुम्ही केलीय. बापांना शाळेत बोलावू नका, तुम्ही तिकडे जा. दूध डेअरीवर सकाळी सात वाजता सगळे बाप उभे असतात. मी तिथे वीस-वीस मिनिटं बोललेय, कॅन हातात घेऊन.

बिअरबद्दल एक गैरसमज घरात आणि मुलांत सारखाच आहे: “बिअर म्हणजे काय दारू थोडीच!” हिशोब मांडा. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, त्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. म्हणजे साधारण ४० ग्रॅम. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम. एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग, तेही पन्नास किलोच्या, उपाशीपोटी नाचलेल्या पोरात. गणिताच्या सरांना शेकडेवारीच्या धड्याला हे उदाहरण घ्यायला सांगा, व्याख्यानाची गरज उरणार नाही. आणि लवकर सुरुवात का वाईट, यालाही एक आकडा आहे. अमेरिकेत हजारो प्रौढांच्या पाहणीत दिसलं की पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधीतरी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर पिणाऱ्यांच्या घरातच आधीपासून काही अडचणी असतात हेही त्यात आहे, सगळा दोष वयाचा नाही. तरी मला पालकांना एवढं सांगता येतं की पुढे ढकलणं हीच मोठी कमाई आहे. “कधीच पिऊ नकोस” हे मूल ऐकेलच असं नाही, “आत्ता नाही” हे ऐकू शकतं.

तुमचा तो मुलगा मैदानामागे पडलेला असताना कुणीतरी त्याला लिंबूपाणी पाजत होतं असं तुम्ही लिहिलंय. हे पुन्हा होऊ देऊ नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात लिंबू, ताक, काहीही घालायचं नाही. घशाखालून फुप्फुसात गेलं की जीव जातो. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, अंगावर पाणी ओतायचं नाही. हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ला फोन. “घरी कळेल” म्हणून मित्र पळून जातात, तेव्हा प्राण जातात. मुलांना आधीच सांगून ठेवा की मदत बोलावणाऱ्याला शिक्षा होणार नाही, आणि तो शब्द पाळा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो भाग. पाच वाजता शाळा सुटते. आई-वडील शेतातून किंवा कारखान्यातून साडेसात-आठला घरी येतात. हे तीन तास कुणाचेच नसतात. मी ज्या मुलांना “पहिल्यांदा कुठे?” असं विचारते त्यांची उत्तरं ठरलेली: पाण्याच्या टाकीमागे, बंद पडलेल्या गिरणीत, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. वेळ दिवेलागणीच्या आधीची. शाळेचं मैदान तेव्हा काय करत असतं? त्याला कुलूप असतं.

आइसलँडचं उदाहरण देते. देश आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढ्या वस्तीचा, त्यामुळे जसंच्या तसं उचलायला सांगत नाही. तिथे १९९८मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूची नशा केल्याचं सांगितलं होतं. २०१६मध्ये तो आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकेने पैसे दिले, संध्याकाळी मुलं कुणातरी जाणत्या माणसाच्या नजरेखाली राहतील असं पाहिलं, हिवाळ्यात रात्री दहानंतर मुलांनी रस्त्यावर नको हा नियम लावला आणि पालकांनी एकमेकांत ठरवून तो पाळला. दरवर्षी शाळांत पाहणी करून आकडे गावाला दाखवले. आपल्याकडे पैसे नाहीत हे खरं, पण कबड्डीला लागतंच काय? एका शाळेत आम्ही एवढंच केलं की पाच ते साडेसात मैदान उघडं आणि गावातला एक जुना खेळाडू, जो दुपारी सलून चालवतो, तो शिट्टी घेऊन उभा. पहिल्या आठवड्यात दहा पोरं आली. ज्यांना यायलाच हवं होतं ती आली नाहीत. त्यांना बोलवायला जावं लागलं, नाव घेऊन, दोनदा-तीनदा. खेळता न येणाऱ्यांना गुण लिहायला बसवलं. आणि मुलींची संध्याकाळ वेगळी सोडवावी लागली, कारण त्यांना घरून सोडत नाहीत. त्यांच्यासाठी शाळा सुटल्याबरोबरचा पाऊण तास धरला.

वर्गात काही करायचंच असेल तर चिठ्ठ्यांचा खेळ करा. नाव न लिहिता दोन प्रश्न: गेल्या महिन्यात तू मावा-गुटखा-दारू यांपैकी काही घेतलंस का? आणि तुझ्या वर्गातल्या किती जणांनी घेतलं असेल असं तुला वाटतं? दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो. मी ज्या ज्या वर्गात केलं तिथे असंच झालं. मुलाला वाटतं सगळेच घेतात, मीच बावळट. फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले की न घेणाऱ्यांची मान वर होते. मात्र आधी चिठ्ठ्या एकट्याने मोजा. एखाद्या वर्गात खरा आकडाच मोठा असेल तर तो फळ्यावर लिहू नका. त्या वर्गाचं काम वेगळं आहे.

नाही म्हणायचं शिकवतानाही पुस्तकी वाक्य देऊ नका. “मी व्यसनांना नकार देतो” असं कुठलाही चौदा वर्षांचा पोरगा मित्रांत म्हणणार नाही, म्हणालाच तर वर्षभर त्याचं तेच नाव पडेल. मुलांनाच विचारा, तुम्ही कसे सटकता? मला मिळालेली उत्तरं: “तोंड आलंय रे.” “बापाला वास लगेच कळतो, हाडं मोडेल.” “उद्या मॅच आहे.” “तू खा, मी सायकल बघतो.” हे बहाणेच असतात, आणि बहाणा चालतो. जोडीजोडीने उभं करून, एकाने आग्रह करायचा आणि दुसऱ्याने सटकायचं, असं दहा मिनिटं घ्या. आग्रह करणारा जितका चांगला नट, तितका उपयोग जास्त. दहीहंडी, गणपतीची मिरवणूक, गटारी, धुळवड, मित्राचा वाढदिवस हे आग्रहाचे दिवस. त्याच्या आदल्या आठवड्यात घ्या, २६ जूनला नको.

टपरीचं काय? शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. अठराखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. पण त्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत, तो दुकानदार हसत भरतो. त्याला बाल न्याय कायदा, २०१५चं ७७वं कलम दाखवा. मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दारूचं वय आपल्या राज्यात २५ आहे, बिअरचं २१, हेही वाईन शॉपवाल्याला माहीत असतंच. तरी आधी पोलिसांत जाऊ नका. सरपंच, शाळा समितीतले दोन जण आणि तुम्ही असे चहाच्या वेळी जाऊन बसा. गावातला टपरीवालाही कुणाचा तरी बाप असतो. दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर मग लेखी तक्रार.

त्या तिघांशी बोलताना एकेकट्याला बोलावा, शिपायाला बाहेर थांबवा. “का खातोस?” विचारू नका, त्याचं उत्तर “चुकलं सर” एवढंच येतं. विचारा: पहिल्यांदा कुणाबरोबर? खाल्ल्यावर बरं काय वाटतं? सकाळी उठल्यावर किती वेळात आठवण येते? एकजण म्हणेल भूक मारते, डबा नसतो. दुसरा म्हणेल मोठी पोरं जवळ बसू देतात. तिसऱ्याचं कदाचित वर्गात वाचताच येत नसेल आणि मागच्या बाकावर दुसरं काही करायला नसेल. तिघांना तीन औषधं लागतील, आणि त्यातलं एक डब्याचं असेल. उठल्या उठल्या अर्ध्या तासात तलफ येत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात पाठवा.

व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणारा मुलगा दिसला तर मात्र गंमत समजू नका. भारतातल्या २०१९च्या सरकारी पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. असा मुलगा दिसला तर ओरडत त्याच्या मागे धावू नका. त्या अवस्थेत दचकून पळाला तर हृदयाचे ठोके बिघडून जागीच कोसळू शकतो. शांतपणे बसवा, मोकळ्या हवेत न्या, मग डॉक्टर. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, गांजा यांचं निघालं तर पालकांना पहिली भीती पोलिसांची असते. अमली पदार्थांच्या कायद्यात उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्याला थोड्या प्रमाणाच्या बाबतीत खटल्यापासून संरक्षण आहे, ६४अ कलम, हे त्यांना सांगा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ मानसिक आरोग्याची, दोन्ही मोफत. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतंय, तिथेही फोन करून विचारता येतं. घरच्या घरी लघवी तपासायचे किट वापरू का, असं हल्ली पालक विचारतात. मी नको म्हणते. त्याने घरात चोर-पोलीस सुरू होतं आणि बोलणं बंद पडतं.

दहावीच्या मुलाचं एक राहिलं. मार्चमध्ये शेवटचा पेपर, अकरावीचे वर्ग सुरू व्हायला जुलै उजाडतो. शाळेच्या दृष्टीने तो ‘आपला’ राहिलेला नसतो, कॉलेजच्या दृष्टीने अजून झालेला नसतो. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी पार्टी होते ती वेगळीच, पण पुढचे तीन-चार महिने जास्त अवघड. त्याला मैदानावर धाकट्यांना शिकवायला बोलवा, दिवसाआड का होईना. निरोप समारंभातच तारीख सांगून टाका, नंतर तो सापडत नाही.

२६ जूनला मी येत नाही, रागावू नका. त्याऐवजी जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी डेअरीवर येते, मग तुमच्या शिक्षकांबरोबर दोन तास बसते. तोवर मैदानाच्या फाटकाची चावी कुणाकडे असते आणि तो संध्याकाळी किती वाजता घरी जातो, एवढं विचारून ठेवा.